भाषांतराची खतावणी



भाषांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कथा-कादंबरी येते. परंतु गरिबाच्या घरी ज्या भाषांतरावाचून खरोखर अडते ते निराळेच असते. अर्ज कसा भरावा, कोणता दाखला कुठे जोडावा, यंत्र कसे चालवावे, संगणकात एखादा प्रोग्राम कसा बसवावा, ही माहिती देणाऱ्या पुस्तिका बहुधा इंग्रजीत निघतात. कोणी त्यांचे मराठी केले तर केले. केले तरी वर्ष-दोन वर्षांत मूळ इंग्रजी बदलते आणि मराठी आहे तिथेच राहते. ते जुने झाले आहे, हे मराठी वाचणाऱ्याला कळतही नाही.

अशा पुस्तिकांचे भाषांतर करण्याच्या, आणि मुख्य म्हणजे ते ताजे ठेवण्याच्या, एका साधनाविषयी आज आम्ही लिहीत आहोत. साधन संगणकाचे आहे म्हणून कुटुंबाच्या पानावर येणाऱ्या माताभगिनींनी पान उलटू नये. ते फुकट मिळते, आणि ज्याने आयुष्यभर रोजकीर्द आणि खतावणी लिहिली त्या कारकुनाला तर ते चटकन समजते. कारण त्याचे काम हिशेबाचेच आहे.

जुने मराठी महागात पडते

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचेच पाहा. २०२०-२१ पासून तिचे नियम बदलले. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा ठरला, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जाऊ लागला. म्हणजे नुसते खाते असून भागत नाही, ते आधारशी जोडलेले हवे. एका ओळीचा बदल! पण ती ओळ ज्याला कळली नाही त्याचे पैसे अडले.

त्यानंतरच्या काळात पाथर्डी तालुक्यातल्या एका ऊसतोड कुटुंबातली मुलगी आमच्याकडे चौकशीला आली. एका कार्यालयातल्या भिंतीवरचा मराठी तक्ता वाचून तिने सगळी कागदपत्रे बिनचूक जमवली होती. तक्ता मात्र जुन्या नियमांचा. त्यात खाते आधारशी जोडण्याचा शब्दच नव्हता. आईबाप साखर कारखान्याच्या फडात, मुलगी शहरात, पैसे अडकलेले आणि खाणावळीचे बिल थकलेले. त्याच कार्यालयातल्या इंग्रजी परिपत्रकात नवी अट स्पष्ट लिहिलेली होती. ज्याला इंग्रजी येते त्याला आजचा नियम, आणि ज्याला मराठीच येते त्याला परवाचा, ही विषमता कोणी मुद्दाम करीत नाही. ती निष्काळजीपणातून होते. पण भोगावी लागते ती नेमकी आपल्याच मुलांना.

म्हणून आमचे म्हणणे असे, की असले भाषांतर म्हणजे एकदाच करून मोकळे होण्याचे सत्कृत्य नव्हे. ते चालू खाते आहे. मुळात नोंद पडली की इकडेही पडली पाहिजे, आणि न पडल्यास ती राहिली आहे हे दिसले पाहिजे.

रचना असेल तर ताळा जमतो

भारताच्या संविधानाची इंग्रजी प्रत आणि मराठी प्रत शेजारी शेजारी ठेवून बघा. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम इंग्रजीत १७ क्रमांकावर, मराठीतही अनुच्छेद १७. शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने आला, तेव्हा त्याला इंग्रजीत २१ ए आणि मराठीत २१क अशी जागा मिळाली. पुढच्या २२ व्या अनुच्छेदाचा क्रमांक हलला नाही. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेला ग्रंथही असाच बांधलेला आहे. आधी खंड, खंडात भाग, आणि आत एकेका विधानाला क्रमांक. त्यामुळे इंग्रजी वाचणारा मुलगा आणि मराठी वाचणारी आई एकाच विधानावर बोट ठेवू शकतात.

संगणकातल्या माहितीपुस्तिकाही हल्ली अशाच बांधून लिहिल्या जातात. ‘डॉकबुक’ किंवा ‘मार्कडाउन’ अशा पद्धतीच्या फाईलमध्ये मजकुराभोवती साध्या खुणा असतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही पहिली पायरी, हा धोक्याचा इशारा. वाचकाला त्या खुणा दिसत नाहीत. यंत्र मात्र त्यांवरून मजकुराचे तुकडे अचूक ओळखते. आपण ज्या साधनाविषयी बोलत आहोत ते याच खुणांच्या आधाराने चालते.

साधन कसे चालते

साधनाचे नाव ‘पीओफॉरए’. लिहिताना इंग्रजी पी, मग ओ, मग चारचा आकडा आणि शेवटी ए. ‘पीओ ही वही कशासाठीही’ असा त्या नावाचा अर्थ. डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या मंडळींत ते वाढले. डेबियन किंवा उबंटू असलेल्या संगणकावर ते विनामूल्य मागवता येते. त्याला रंगीत पडदा नाही, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळीचा हुकूम टाईप करायचा आणि एंटरची कळ दाबायची. याला कमांड लाइन म्हणतात. नवख्याला भीती वाटते, पण साहेबाला तोंडी सांगण्याऐवजी लेखी टिपण द्यावे तसाच हा प्रकार आहे. लेखी हुकूम जपून ठेवता येतो आणि पुढल्या वर्षी तसाच्या तसा पुन्हा देता येतो.

एका छोट्या फाईलमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: मूळ पुस्तिका कोणती, भाषा कोणती, आणि मराठी पुस्तिका कोणत्या नावाने तयार व्हावी. मग हुकूम दिला की साधन मूळ पुस्तिका वाचते, तिचा एकेक परिच्छेद सुटा करते आणि ‘पीओ’ नावाची वही तयार करते. त्या वहीत प्रत्येक नोंदीला दोन घरे असतात. वरच्या घरात इंग्रजी मजकूर, खालचे घर मराठीसाठी रिकामे. शिवाय हा मजकूर मूळ फाईलच्या कितव्या ओळीतला, याचीही टीप असते. जमा आणि नावे अशा दोन बाजू आणि वर पान क्रमांक. आमच्यासारख्याला आणखी काय हवे?

भाषांतर करणाऱ्याने फक्त रिकामी घरे भरायची. एकच वाक्य पुस्तिकेत दहा ठिकाणी असेल तर ते एकदाच भरावे लागते. भरून झाल्यावर पुन्हा तोच हुकूम. साधन मराठी तुकडे उचलते, मूळच्याच रचनेत बसवते आणि मराठी पुस्तिका तयार करते. शीर्षकाच्या जागी शीर्षक, पायरीच्या जागी पायरी. मात्र एक नियम त्यात पक्का आहे. निदान ८० टक्के भाग भाषांतरित झाला नसेल तर ते मराठी पुस्तिका काढतच नाही. ही मर्यादा हवी तर कमी-जास्त करता येते, पण आम्हांला ती आहे तशीच योग्य वाटते. अर्धवट काम वाचकाच्या हाती देऊ नये.

शंकेची खूण

खरा उपयोग पुढेच आहे. समजा, वर्षभराने मूळ इंग्रजी पुस्तिका बदलली. आपण नवी प्रत जुनीच्या जागी ठेवायची आणि तोच हुकूम द्यायचा. साधन जुन्या वहीशी नव्या प्रतीचा ताळा घेते. जे परिच्छेद जसेच्या तसे आहेत त्यांचे मराठी कायम राहते. जे पूर्ण नवे आहेत त्यांची घरे रिकामी येतात. आणि जे थोडे बदलले, म्हणजे एखादी रक्कम, एखादी तारीख, एखादी अट, त्यांच्यासमोर जुने मराठी ठेवून वर ‘फझी’ अशी खूण पडते. फझी म्हणजे अंधुक. आम्ही त्याला शंकेची खूण म्हणतो.

अशी खूण असलेले मराठी साधन पुस्तिकेत घालत नाही. तपासून, दुरुस्त करून, खूण काढेपर्यंत त्या जागी मूळ इंग्रजीच छापले जाते. पहिल्यांदा हे खटकते. मराठी पुस्तिकेत मध्येच इंग्रजी परिच्छेद! पण विचार करा. चुकीचे मराठी वाचून माणूस निर्धास्त होतो आणि फसतो. मध्येच इंग्रजी दिसले तर निदान चार जणांना विचारतो. वर सांगितलेल्या मुलीच्या तक्त्यात ती एक ओळ इंग्रजीत जरी असती, तरी तिने कुणाकडून तरी वाचून घेतली असती.

वहीचा हिशेब सांगणारे दुसरे एक साधन आहे. ते ‘गेटटेक्स्ट’ या संचातले. हा संच ग्नू या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी १९९५ साली प्रसिद्ध केला आणि आजही जगभर वापरात आहे. त्याला विचारले की ते एका ओळीत उत्तर देते. समजा २०० नोंदींची वही असेल, तर इतक्या पूर्ण, इतक्या शंकेच्या, इतक्या रिकाम्या. बैठकीत अहवाल वाचायला याहून सोपे काय? ‘काम बरेच झाले आहे’ असे मोघम बोलणाऱ्या कार्यकर्त्याला हा आकडा गप्प करतो.

मराठीच्या अडचणी

ही साधने मराठी माणसांनी घडवलेली नाहीत, त्यामुळे मराठीचे काही पेच आपणच सोडवावे लागतात. पहिला पेच लिपीचा. नव्वदच्या दशकात आपली साप्ताहिके आणि पत्रके ज्या टंकांत जुळवली जात, त्यांत पडद्यावर मराठी अक्षर दिसे, पण संगणकाच्या पोटी इंग्रजीच चिन्ह असे. तो मजकूर या वहीत डकवला तर नुसती खिचडी होते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. त्यातही ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्याला’ या शब्दांतला ऱ्य दोन तऱ्हांनी टाईप होतो. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द. मग शोधताना निम्मे शब्द सापडत नाहीत. गटाने एकच कीबोर्ड ठरवावा हे उत्तम.

दुसरा पेच व्याकरणाचा. पुस्तिकेबरोबर प्रोग्रामच्या पडद्यावरचे संदेशही अशाच वहीत येतात. तिथे एखाद्या जागी नाव नसतेच, नुसती खूण असते आणि पुढे ‘पुसले गेले’ अशा अर्थाचे इंग्रजी. इंग्रजीचे भागते, पण मराठीत पुसला, पुसली की पुसले? आणि त्या खुणेला विभक्तीचा प्रत्यय कसा लावायचा, कारण मराठीत ‘फाईल’चे ‘फायलीत’ होते. यावर तोडगा साधा आहे. खुणेपुढे आपले नाम घालायचे: ‘अमुक ही फाईल पुसली’. प्रत्यय आपल्या नामाला लागतो आणि खूण जशीच्या तशी राहते. तसेच इंग्रजी ‘फ्री’ हा एक शब्द कुठे मोफत, कुठे मुक्त, कुठे डिस्कवरची मोकळी जागा. शब्द सुटा पाहून भाषांतर करू नये. वर दिलेल्या ओळीच्या टिपेवरून मूळ जागा पाहावी.

तिसरा पेच शब्दांचा, आणि तो आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फाईलला धारिका म्हणावे की फाईल? शब्द शुद्ध असावा असा आग्रह धरणाऱ्यांचा आम्हांला आदर आहे. पण ज्या मराठीसाठी पुन्हा कोश उघडावा लागतो, ती मराठी इंग्रजीइतकीच दूरची. चौथी-पाचवी शिकलेल्या मावशीला वाचून दाखवा. तिला कळले तर शब्द बरोबर. एकदा ठरलेला शब्द मात्र सगळ्यांनी पाळावा, नाही तर एका पानावर ‘जतन करा’ आणि दुसऱ्यावर ‘साठवा’ असा गोंधळ होतो. त्यासाठी शब्दांची एक सामाईक यादी जवळ हवी.

पुण्यात झालेले काम

हे सगळे मराठीत कुणी करून पाहिले आहे का, असे कोणी विचारील. होय, पाहिले आहे, आणि आपल्या शेजारी पुण्यातच. लिनक्सच्या व्यवसायातल्या रेडहॅट कंपनीच्या पुणे कार्यालयातल्या मंडळींनी या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय भाषांचे मोठे काम केले. ‘लोहित’ नावाचे टंक २००४ साली सर्वांसाठी खुले झाले. २००७ आणि २०१० साली निघालेल्या त्यांच्या प्रणालीच्या आवृत्त्यांबरोबर येणारी माहिती-टिपणे इतर भारतीय भाषांप्रमाणे मराठीतही निघाली. त्यासाठी ‘पब्लिकन’ नावाचे, असेच हुकमावर चालणारे साधन होते. ते डॉकबुकच्या फायलींतून मजकूर काढून पीओ वह्या तयार करी आणि त्यांतून मराठी पुस्तिका बांधून देई. वर सांगितलेली सामाईक शब्दयादी करण्याचा ‘फ्युएल’ हा उपक्रमही २००८ साली तिथेच सुरू झाला.

जगातले एक उदाहरणही सांगण्याजोगे आहे. डेबियन चालवणाऱ्यांसाठीचा एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ मुळात फ्रेंच भाषेत लिहिला गेला. लोकांच्या वर्गणीच्या बळावर २०१२ साली त्याची इंग्रजी प्रत सर्वांसाठी मोकळी झाली, आणि मग याच वह्यांच्या पद्धतीने स्वयंसेवकांनी तो अनेक भाषांत नेला. म्हणजे ज्ञान इंग्रजीतूनच निघते असे नाही, आणि भाषांतर पगारी माणसेच करतात असेही नाही.

पुण्यातले ते काम पुढे त्या वेगाने चालले नाही. कंपनीची गरज बदलली की कंपनीचे भाषांतर थांबते. त्यात कुणाला दोष देण्यासारखे नाही. पण त्यातून धडा घ्यायचा तो असा, की चालू खाते चालवणारे हात गावातलेच असावे लागतात.

यंत्राने केलेले मराठी

आता कोणी म्हणेल, मोबाईलवर क्षणात भाषांतर होते, मग ही वही हवी कशाला? गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ साली आली. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ योजना २०२२ साली सुरू झाली. यंत्राचे मराठी पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहे. ते जरूर वापरावे, पण कच्चा मसुदा म्हणून. ते वहीत घालताना प्रत्येक नोंदीवर शंकेची खूण ठेवावी आणि माणसाने वाचल्यावरच ती काढावी. ‘अर्ज करता येईल’ आणि ‘अर्ज केलाच पाहिजे’ यांतल्या फरकाने एखाद्या घराचे वर्ष वाया जाते, आणि त्या चुकीसाठी यंत्राला कोणी जबाबदार धरू शकत नाही.

आपण काय करावे

आपल्या जिल्ह्यात १४ तालुके. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडपर्यंत क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले २०२४ साली. त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा अभिमान आहेच. पण अभिजात भाषेत शिष्यवृत्तीचा चालू नियम वाचायला मिळत नसेल, तर त्या दर्जाचा आपल्या मुलीला काय उपयोग?

प्रत्येक तालुक्यात पाच जणांचा गट पुरे. हुकूम देणारा एकच असला तरी चालतो. संगणक शिकणारा कॉलेजचा मुलगा हे काम आठवड्यात शिकतो. बाकीच्यांना काळा पडदा पाहण्याचीही गरज नाही. ‘पोएडिट’ नावाचा प्रोग्राम विंडोजवरही चालतो आणि हीच वही सोप्या पडद्यावर उघडून देतो. त्यात निवृत्त शिक्षकाने मराठी भरावे, परिचारिका असलेल्या भगिनीने आरोग्याच्या नोंदी तपासाव्यात, आणि कार्यालयात काम केलेल्याने नियम व रकमा मुळाशी पडताळाव्यात. वही लहानशी फाईल असल्यामुळे पेनड्राइव्हवरही नेता येते; वीज आणि इंटरनेट यांच्या लपंडावात हे महत्त्वाचे.

आरंभ मोठ्या ग्रंथापासून करू नये. शिष्यवृत्तीची आठ-दहा पानांची माहिती घ्यावी आणि तिला शीर्षके व पायऱ्यांच्या खुणा घालाव्यात. पहिल्या पानावर भाषांतर कोणत्या तारखेच्या मूळ प्रतीवरून केले ते लिहावे, आणि शंका आल्यास मूळ मजकूरच अधिकृत समजावा हेही स्पष्ट छापावे. जून महिन्यात प्रवेश सुरू होण्याआधी एकदा, आणि नवे परिपत्रक आले की त्याच आठवड्यात, हुकूम देऊन ताळा घ्यावा. किती नोंदी शंकेच्या निघाल्या तो आकडा विहारातल्या किंवा वाचनालयातल्या फळ्यावर लिहावा. तो शून्यावर येईपर्यंत काम बाकी आहे असे समजावे.

कार्यालयात वर्षअखेरीस ताळेबंद जुळला नाही तर दिवा मालवून घरी जाता येत नाही. आपल्या भाषेतल्या माहितीच्या बाबतीतही तोच दंडक असू द्या. ज्यांना या कामात हात द्यायचा असेल त्यांनी पहिल्या बैठकीला येताना एक इंग्रजी परिपत्रक आणि त्याचे मिळेल ते मराठी बरोबर आणावे. दोन्ही शेजारी ठेवून कुठे काय राहिले आहे, ते मोजण्यापासून सुरुवात करू.